सरकीच्या तेलातले रंग

भातकुलीजवळच्या आमच्या शेतात सलग तिसऱ्या वर्षी कापूस धड आला नव्हता, आणि मी अमरावतीत खोली घेऊन मित्रांच्या रॉक ग्रुपमध्ये इलेक्ट्रिक गिटार बडवत होतो. बाबांनी एकदाच सांगितलं, "अकोल्याचा तुमचा कार्यक्रम होऊ दे. मंग गिटार गावच्या बँडवाल्याले देऊन टाकू, अन् तू घरी ये. मी बोललो त्याच्यासंग." मी चरफडलो. पण एकट्या माणसाला ते शेत आता झेपत नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

म्हटलं, शेवटचंच आहे तर दणक्यात होऊ दे! रद्दीच्या दुकानात मला एक जुनं परदेशी मासिक सापडलं होतं. त्यात साठच्या दशकातल्या रॉक कार्यक्रमांचे फोटो होते. काचेच्या बशीत तेल आणि रंगीत पाणी, खालून दिवा, आणि वाजवणाऱ्यांच्या अंगावर वितळणारे रंग. मी वेडाच झालो. एका शिकवणीवाल्या सरांचा, काचेखाली दिवा असलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर मागून आणला आणि अकोल्यातले एक रंगारी चाचा गाठले. लुगडी-ओढण्या रंगवण्यात त्यांची हयात गेली होती.

चाचांनी सरकीचं तेल घेतलं, पाण्यात झकास रंग कालवले आणि तालमीला बशीत बोट घालून सगळं ढवळून टाकलं. झालं! भिंतीवर नुसता चिखल.

"चाचा, ढवळता काहून?"

"नाई ढवळलं तर डाग पडतात ना, बेटा."

"मले डागच पाहिजे!"

"डाग पडला की गिऱ्हाईक कपडा तोंडावर फेकते," ते म्हणाले. चार वेळा बशी भरली, चारही वेळा त्यांचं बोट आत गेलंच. मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्याची आजही लाज वाटते.

संध्याकाळी लोडशेडिंग, म्हणून कार्यक्रम दुपारी ठेवला. हॉलच्या खिडक्यांना बारदान ठोकून अंधार केला. बाबा दुसऱ्या रांगेत, टोपी मांडीवर ठेवून, वर्गात बसल्यासारखे बसले होते. चाचा हात पाठीमागे धरून प्रोजेक्टरजवळ उभे. दोन गाणी अशी रंगली की पोट्टे शिट्ट्या मारून राहिले होते. तिसऱ्याला लाईन गेली. भर दुपारी! गिटार मुकी झाली, भिंत काळी झाली. आमच्या ड्रमवाल्याने तेवढा ठेका सोडला नाही.

"अरे, सूरज तर हाय ना!" चाचा ओरडले. त्यांनी एका खिडकीचं बारदान ओढून काढलं आणि मेकअपच्या खोलीतला आरसा आणवला. उन्हाची तिरीप आरशावर घेऊन बशीखालून वर फेकायची होती. बशी त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी धरली, त्यामुळे ढवळायला बोटच उरलं नाही. पण आरसा कोण धरणार? पाहतो तर बाबा उठले होते.

"आण इकडं. कसा धरू, सांग."

छतभर रंग सांडले. मी गिटार खाली ठेवली आणि ठेक्यावर उघड्या गळ्याने गायलो. ऊन सरकलं की बाबा आरसा सरकवत. हात भरून आले की आरसा थरथरे, आणि छतावरचे डाग नाचायला लागत. एकाने "काका, मी धरतो" म्हटलं, तर बाबांनी "सरक बे बाजूले" म्हणून त्याला पिटाळलं. बाबा वर बघत होते, तोंड उघडं टाकून. असे ते मला कधीच दिसले नव्हते.

परतताना एसटीत ते खांदे चोळत बसले.  बडनेरा आलं तसं मी विचारलं, "बँडवाल्याले गिटार कधी द्यायची?"

"त्याले मी नाई म्हणून सांगतो. पेरणीले ये, वेचणीले ये. बाकी तुयं तू वाजव." वर म्हणाले, "अन् त्या चाचाची माफी माग. लय बोलला म्हणे तू त्याले."

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने अकोल्याला गेलो. आणि त्या साली वेचणीचा एकही दिवस चुकवला नाही.