मोर्णेकाठचे रोडगे

निखाऱ्यात पुरलेला कणकेचा रोडगा भाजून होईपर्यंत मोठेबाबांना कधी दम निघाला नाही. गोवऱ्यांची राख काठीने उकरायची, रोडगा दाबून पाहायचा, पुन्हा पुरायचा, मध्येच उठून बैलांच्या पाठीवर हात फिरवून यायचं. शेवटी अर्धाकच्चाच बाहेर काढायचा. कोणी नाक मुरडलं तर म्हणायचे, "राह्यलेला पोटात शिजते."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, माझं कन्यादानही त्यांनीच केलं. रिद्धपूरकडे आमचा संत्र्यांचा बगीचा होता. इंग्रजांची आगगाडी होती, पण डब्यात बसून राहणं त्यांच्या जिवावर यायचं. बैलगाडीत माल भरायचा आणि थेट अकोला गाठायचं. वाटेत पाणी दिसलं की बैल सोडायचे आणि तिथेच स्वयंपाक. भांडं एकच. कधी त्यात डाळतांदळाची खिचडी, नाहीतर भांडंसुद्धा नको, रोडगे राखेत पुरायचे आणि त्यांच्याशेजारीच वांगी ढकलायची. भाजलेलं वांगं मीठ, मिरची आणि कच्चं तेल घालून हातानेच कुस्करायचं की झालं जेवण. "खरकटं घासत बसलो तं चालू कवा?" असं त्यांचं म्हणणं.

माझं सासर अकोल्याच्या जुन्या शहरात. तरी मोठेबाबा आमच्या घरी जेवायचे नाहीत. लेकीच्या पोटी मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न माहेरच्या वडीलधाऱ्यांनी खायचं नाही, ही रीत. मला मूल होत नव्हतं. म्हणून ते मोर्णा नदीच्या काठावर गाडी सोडायचे आणि तिथेच गोवऱ्या पेटवायचे. धूर दिसला की सासूबाई म्हणायच्या, "आले तुझे मोठेबाबा." बाकी काही नाही. पण अख्ख्या गल्लीला कळायचं की यंदाही हिची कूस रिकामीच. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तरी घागर कमरेवर घेऊन मी धावत जायचीच. ते गरम रोडगा फोडून माझ्या हातावर ठेवायचे आणि मी खाईपर्यंत येरझाऱ्या घालायचे. एकदा मी चिडून म्हटलं, दुसरा बाजार नाही का तुम्हांला? घराजवळची अमरावती सोडून इथे कशाला येता? ते उगाच राख उकरत राहिले. मग म्हणाले, "संत्रं तं कोठीबी खपते, माय. मी तुले पाहाले येतो." मला रडू आवरेना.

पुढच्या हंगामात काठावर गाडी उभी दिसली, बैल सोडलेले दिसले, पण चूल नव्हती. मी घागर उचलली. निघणार तोच मोठेबाबा आमच्या दारात. पार वाळलेले, खोकल्याने वाकलेले. सासूबाईंना म्हणाले, "विहीणबाई, भूक लागली. पोरीच्या हातचं वाढा."

सासूबाई गडबडल्या. अजून पाळणा हलला नाही, असं त्या हळूच म्हणाल्या.

"मले ठाऊक हाय. पाळणा हलो का न हलो, पोर माही हाय."

शेजारणी दारांत येऊन उभ्या राहिल्या. सासूबाईंनी स्वतः पाट मांडला. मला पिठलं-भाकरीपलीकडे काही सुचेना, आणि पिठल्यात गुठळ्या झाल्या त्या झाल्याच. मोठेबाबांनी मागून मागून खाल्लं आणि ताट निपटून घेतलं. उठताना वाटेसाठी एक भाकर फडक्यात बांधून मागितली. संत्र्यांचा पुढचा बहार त्यांनी पाहिला नाही.

बऱ्याच वर्षांनी मला मुलगी झाली. बारशाला आलेल्या बायका हळहळल्या, आज मोठेबाबा असते तर या घरी हक्काने जेवले असते म्हणाल्या. मी म्हटलं, "ते जेवून गेलेत."