विद्यानगरची यादी

कपाट आवरताना कार्बन पेपरचा वास आला आणि विद्यानगर वस्तीतल्या मुलांची जुनी यादी हाती लागली. नव्वदच्या दशकात मी हैदराबादच्या एका मराठी शाळेत शिकवत होते. पट घटत होता, म्हणून मे महिन्यात मुख्याध्यापक आणि मी घरोघर मुलं मागत फिरायचो.

एका दारात एक आई म्हणाली, "बाई, तुमची पोरगी कुठं घालणार, ते सांगा अगोदर."

"आमच्याकडेच की," सर अभिमानाने म्हणाले.

माझ्या मुलीचा इंग्रजी शाळेतला प्रवेश मी आदल्याच दिवशी घेतला होता. मी यादीच्या पानाखाली कार्बन सरकवला.

"हौ, मग आमचा महेश बी लिवा."

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. मुलीचं चांगलं झालं. आजही तेच करीन. पण महेशची चौकशी करायचं काम माझ्या कुठल्याच यादीत आजवर आलं नाही.