कॉफीला तिघं

मित्रमैत्रिणींनो, हॉटेलातून थेट सायबर कॅफेत आले आहे. खूप थकले आहे, पण आपल्या मेल-ग्रुपवर तुम्हाला सांगितल्याशिवाय घरी जाववत नाही.

धुळ्याच्या ज्या सरांशी चार महिने मेलवर बोलत होते, ते आज दुपारी पहिल्यांदा भेटले. जळगावात, बस स्टँडजवळच्या हॉटेलात. सोबत त्यांची मोठी बहीण होती.

फॅमिली रूममध्ये तीन कॉफ्या आल्या. अक्कांनी आपली बशीत ओतली आणि पिशवीतून कागदांची चळत काढली. माझ्या सगळ्या मेलच्या प्रिंट!

"तुन्या बठ्ठ्या चिठ्ठ्या आयक्यात, बहीन," त्या मायेनं म्हणाल्या. "तुना नवरा वारना ते आयकीसन आम्ही बठ्ठा रडनूत."

"बठ्ठा? सगळे म्हणजे कोण कोण?" मी सरांना विचारलं.

"आई, भाऊ, वहिनी, अक्का. घरात लपवाछपवी नको, म्हणून मीच वाचून दाखवायचो."

त्यांना यात काही वावगं वाटतच नव्हतं. मी मात्र नवरा गेल्याचं ते सगळं फक्त त्यांच्यासाठी लिहिलं होतं. माझ्या डायरीतसुद्धा ते नाही.

"पुन्हा लिहाल ना?" त्यांनी विचारलं. मी उठले. कॉफी तशीच राहिली.

रागातच इथं लिहायला बसले. आता वाटतंय, त्यांनी घरातल्या चौघांना सांगितलं. मी तर त्यांना न विचारता तुम्हा चाळीस जणांना सांगते आहे.

लिहू का त्यांना पुन्हा? आणि हेही मी तुम्हालाच का विचारते आहे?