व्याह्यांचं सरबत

रायभाननं पोत्याचं तोंड सोडलं, तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं. मनात फक्त व्याही होते. पोत्यात लाकडाच्या भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी होती. मनमाडकडच्या गाडीनं ती सेलू स्टेशनावर उतरलेली, आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पोचवायची म्हणून रायभानच्या ताब्यात दिलेली. नेमके त्याच गाडीतून त्याच्या लेकीचे ठरलेले सासू-सासरे चार पाव्हणे घेऊन उतरले. वैशाखाचं ऊन. ठरल्या सोयरिकीत व्याह्याला कोमट पाणी पाजायचं म्हणजे काय राहिलं? रायभाननं एक टवका काढला. विहीणबाई म्हणाल्या, "आणिक थोडं." सरबत संपलं तेव्हा रायभानची इज्जत आभाळाला टेकली होती आणि पोत्यात ओला भुसा उरला होता.

बर्फ होता मनकर्णाबाईसाठी. ही त्याची थोरली बहीण, बोरीच्या माळावर मेंढरं राखणारी. आई गेल्यावर तिनं रायभानला वाढवलं, एका कडेवर तो आणि दुसऱ्या कडेवर कोकरू, आणि रट्टा देताना दोघांत कधी भेद केला नाही. तोंडाची फटकळ. बाजारात व्यापारी मेंढीचे दात पाहत बसला की विचारायची, "नवरी करून न्ह्यायलास व्हय तिला?" नवऱ्याच्या शब्दावरही तिचा भरवसा नसे. रायभानच्या शब्दावर मात्र ती डोळे मिटून चालायची.

तिच्या छातीत गाठ आली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "तू भुलीत असतानाच गाठीचा तुकडा काढीन. बर्फ-मिठात गोठवला की त्याचा पातळ काप निघतो. त्याला रंग लावून दुर्बिणीखाली धरला की अर्ध्या तासात कळतं. साधी असली तर तेवढी गाठच काढीन. कर्करोगाची असली तर सगळा स्तन."

"आधी बघा, मग कापा. माझं येवढंच म्हणणं हाय," मनकर्णाबाई म्हणाली.

आणि रायभान हात हालवत आला. "बर्फ आलाच न्हाई, बाईसाहेब."

डॉक्टरीणबाईंनी अडचण सांगितली. बर्फाशिवाय तुकडा हैदराबादला धाडावा लागणार, उत्तराला महिना. गाठ हाताला चांगली लागत नव्हती, महिनाभर थांबणं धोक्याचं. एखाद-दोन दिवस मात्र चाललं असतं.

मनकर्णाबाई भावाकडं वळली. "उद्याच्या गाडीनं यील का रं?"

आला असता की! पण बर्फासाठी कुणी पुन्हा स्टेशनावर गेलं, तर आजचा कुठं गेला हेही कळलं असतं. व्याही तर अजून घरात लोळत होते.

"न्हाई, आक्का. बर्फ धाडायचंच बंद केलंय म्हणं त्येंनी."

मनकर्णाबाईनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "मंग कापा सगळं. माझा भाऊ सांगायलाय म्हंजी खरंच आसंल."

जखम भरत आली तेव्हा ती बोरीला परतली. एक दिवस विहीणबाई विचारपूस करायला आल्या. बसल्या बसल्या कौतुक सुरू झालं, "तुमच्या भावाचा हात लय मोकळा बाई! टेशनावर बर्फाचं सरबत पाजलं, दात बधिर झाले आमचे!"

"कवा?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"तुमाला दवाखान्यात घातलं, त्याच दिशी की!"

मनकर्णाबाईनं पदर ओढून घेतला आणि विहीणबाईंना चहा करून दिला. पुढं त्या काय काय बोलल्या, ते तिला ऐकू आलं नाही.

मग हैदराबादला धाडलेल्या गाठीचं उत्तर आलं. रायभान सेलूहून पेढे घेऊन बोरीला धावत सुटला. एका खोट्याचं ओझं उतरलं असंच त्याला वाटत होतं. लांबूनच ओरडला, "आक्का, तोंड गोड कर! गाठ साधी हुती! जीव वाचला तुझा!"

मनकर्णाबाई कोकराला पाजत होती. तिनं पेढ्यांकडं पाहिलं नाही.

"जीव जाणारच न्हवता रायभान, जे गेलं ते तुझ्या व्याह्यांनी पिलं."