मामाचा खर्ज

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हा चिखलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी तापट माणूस. गिऱ्हाइकानं घरी स्क्रू खोलून ठेवलेला रेडिओ आणला की माझं टाळकं सरकायचं. अशाच एका तापलेल्या दुपारी धाडकडच्या एस्टीनं मामी आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली.

मामा धाडजवळच्या खेड्यात भजनी मंडळात पुढं बसून गायचा. खर्ज असा, की देवळाच्या फरशीवर बसलेल्याला तो खालून जाणवावा. दसऱ्याला मंडळानं बॅटरीवर चालणारा स्पीकर आणला आणि पहिल्याच दिवसापासून त्यावर मामाचा आवाज फाटायला लागला. बाकीच्यांचा नीट यायचा. मंडळानं ठरवून टाकलं, यांचा गळा गेला, आता यांनी मागं बसून टाळ वाजवावेत. मामीनं काढे पाजले, ज्येष्ठमध चघळायला लावला. माणूस ताटावरून उठून जातो, म्हणाली, आणि रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. हत्यारं पिशवीत टाकली आणि तिच्याबरोबर निघालो.

घरी गेल्यावर मामाला म्हटलं, जरा गा बरं, बिनमाईकचं. तो म्हणाला, मी नाही गात आता, आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मग मशीनच तपासायचं राहिलं.

देवळात बॅटरी पाहिली, चांगली होती. वायरींची टोकं खरवडून पुन्हा बसवली, व्हॉल्व्ह बदलला, माझा माईक लावला. मंडळी भोवती उभी राहून मला शिकवत होती, की मशीन नवं आहे, उगाच खोलू नको. एक जण हॅलो हॅलो करायचा आणि ते अगदी स्वच्छ यायचं. माझं डोकं फिरलं. शेवटी मीच माईक धरला आणि पोटातून जाड आवाज काढला. स्पीकर खरखरला. पुन्हा काढला, पुन्हा खरखरला. म्हणजे कुणाचाही जाड आवाज फाटत होता, आणि मंडळात जाड आवाज एकट्या मामाचा. आमच्याकडं म्हणतात तसं, रोग हेल्याले अन् औषध त्याच्या पाठीवरच्या पखालीले, दुसरं काय!

स्पीकरच्या तोंडावरचं कापड सोडलं तर आत तांदूळ. दसऱ्याला आमच्याकडं विळ्यापासून नांगरापर्यंत सगळ्यांची पूजा होते, तशी याचीही झाली होती. पाटावर उताणा ठेवलेला, आणि गावातल्या बायांनी ओल्या कुंकवाच्या अक्षता वाहिलेल्या. कापड जाळीचं. दाणे आत पडले आणि कागदी पडद्याच्या कडेला चिकटून बसले. बारीक आवाजाला पडदा फारसा हलत नाही, खर्जाला थरथरतो, की दाणे लागले वाजायला. मी आता सगळ्यांना धुऊन काढणार, तेवढ्यात मामी हळूच म्हणाली की सगळ्यात मोठी मूठ तिचीच होती. मामाचा आवाज चांगला यावा म्हणून वाहिली होती. मी गपचूप ब्रशनं पडदा साफ केला.

जाड आवाज आता स्वच्छ यायला लागला. मामाला बोलावून आणलं, तांदूळ दाखवले. मंडळी ओशाळली, बुवा, चला, पुढं बसा, म्हणायला लागली. मामानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो मामीकडं वळला.

"या मंडळीचं सोड. तू तं घरात राह्यते. माहा आवाज तुले बिनस्पीकरचा आयकू येत होता ना? मंग तुले काऊन पटलं?"

मामीनं पदरानं डोळे पुसले.

"कुठून आयकू येईन? त्या दिसापासून घरात तुमी गायलेच नाही."

मामा माईक बाजूला सारून खाली बसला आणि तिच्याकडं तोंड करून गायला लागला. मी बॅटरीची वायर काढून टाकली.