कापून टाकलेला भाग

तिच्या हातांना सदैव तेल लागलेलं असायचं. काजू फोडताना चिकाने भाजू नये म्हणून बायका हातांना तेल चोपडतात. तसल्या हातात फोन धरता येत नाही, म्हणून ती तो रिकाम्या स्टीलच्या वाटीत उभा करून ठेवायची. कोणी बोलायला आलं की करंगळीच्या पेराने तो बंद करायची आणि मान वर करून म्हणायची, "हां, बोल आता." फोनमधला माणूस बोलत असताना मध्येच दुसऱ्याशी बोलणं तिला बरं वाटत नसे. गंमत अशी, की फोनमधला तो माणूस बहुतेक वेळा मीच असायचो.

मुंबईची नोकरी सोडून मी गावात, मालवणजवळ, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. शेजारच्या शेडमध्ये काजूचा छोटा कारखाना होता. तिथे आठ-दहा बायका बसायच्या, त्यांत वयाने सगळ्यांत मोठी ही. सगळे तिला आका म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या लावून मी एक पॉडकास्ट सुरू केला होता. किनाऱ्यावरच्या माणसांना बोलतं करायचं आणि दर मंगळवारी एक भाग टाकायचा.

हे काम करणारा माणूस कसल्या कसल्या काळज्या करतो ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. पंख्याची घरघर आली का, 'प' म्हणताना माइकवर फुंकर बसली का, सुरुवातीचं संगीत लांबलं का. ऐकणारे कितव्या मिनिटाला सोडून जातात याचा एक आलेख येतो. तो मी ताप मोजावा तसा दिवसातून चार वेळा बघायचो. आणि बुधवारी सकाळी शेडच्या दारात उभा राहून आकाला विचारायचो, "आवाज कसो होतो गो?"

"बाकीचां ऱ्हवांदे," ती म्हणायची. राहू दे बाकीचं, हा तिचा ठरलेला शब्द. "त्या म्हातारेचो झील परत इलो काय?"

ज्या म्हातारीची मुलाखत मी नवा माइक आणून घेतली होती, तिचा मुलगा आखातात होता. तो परत आला की नाही हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

दर वेळी असंच. विहिरी खणणाऱ्या गड्याच्या भागानंतर, "बाकीचां ऱ्हवांदे, त्येचो पाय बरो झालो?" शाळा बंद पडलेल्या बाईंच्या भागानंतर, "ती आता एकटीच ऱ्हवता?" मला हसू यायचं. आपण एवढा जीव टाकून ध्वनी साफ करतो आणि हिला भलत्याच चौकशा! कोणी आवाजाचं कौतुक करावं म्हणून मी आसुसलेलो होतो. ती मात्र त्या माणसांच्या घरात जाऊन बसलेली असायची.

तिचा एक भाऊ समुद्रात गेला हे मी ऐकून होतो. पण आमच्याकडे अशी घरं बरीच आहेत, म्हणून कुठली बोट, कधीची, हे कधी विचारलं नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी मला देवगडच्या बाजूचा एक म्हातारा तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, भेटला. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या हाताखालची लाँच भर दुपारी बुडाली होती. पाचांतले दोन वाचले, तो आणि कारवारकडचा एक खलाशी. त्यावर तो कधी कुणाशी बोलला नव्हता. नाव सांगणार नाही असं मी कबूल केल्यावर बोलला. दोन तास दहा मिनिटं बोलला.

मी त्याची पंचवीस मिनिटं केली. पंचविसाच्या पुढे माझा आलेख उताराला लागायचा. रेंगाळणारं सगळं कापलं. फळी उचकटली, इंजिनात पाणी शिरलं, लाँच कलली, इथवर वेग छान जमला. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. त्या मंगळवारी मी खूश होतो.

बुधवारी आका स्वतः दुकानात आली. कामाच्या वेळात ती कधी उठत नसे. हात धुऊन आली होती.

"त्या लाँचीर जेवान करणारो माजो भाव होतो," ती म्हणाली. "बाबल."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"आये गेली तेव्हा तो दोन वर्सांचो. मीच वाडवलंय. ह्या तांडेलाच्या दारात मी दोनदा जावन इलंय. तो घरात असान भायर येवक नाय. माका सगळां ऐकव."

"सगळां म्हणजे?"

"नव वर्सां गप ऱ्हवलेलो माणूस पंचवीसच मिन्टां बोललो?"

मी खरं ते सांगितलं. दोन तास दहा मिनिटं, आणि त्यातलं आता काहीच नाही. तिने रागावायला हवं होतं.

"मगे तुका आठवता तां सांग."

मी आठवू लागलो. संकलन करताना मी आवाज ऐकतो, शब्द नाही, हे तेव्हा कळलं. तांडेलाचा खोकला कुठे होता, श्वास कुठे अडकला होता, ते सगळं आठवत होतं. तिचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून मी म्हटलं, "बाबल सकाळपासून मजेत होतो, गाणी म्हणी होतो..."

"ह्यां त्येना सांगल्यान, काय तू सांगतंस?"

मीच सांगतोय, हे मी कबूल केलं.

"आठवत नाय तर ऱ्हवांदे," ती हळूच म्हणाली. "पण रचू नको. रचूचां काम मी नव वर्सां करतंय."

त्या रविवारी आम्ही दोघं एसटीने देवगडला गेलो आणि तिथून रिक्षाने तांडेलाच्या घरी. सुनेने दार उघडलं. पंधरा दिवसांपूर्वी त्याला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. तो खाटेवर पडून होता. आका खाटेजवळ जाऊन उभी राहिली. त्याने तिला ओळखलं, कारण आधी त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग पुन्हा वळवलं.

"मी बाबलाची भयण," ती म्हणाली. "भांडूक नाय इलंय."

म्हाताऱ्याच्या घशातून नुसता आवाज निघाला. मग त्याने डावा हात उचलला, बोटं जुळवली, हात खाली नेला आणि बाजूला कलता केला. पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा कलता. सुनेला वाटलं, भूक लागली. ती पेज घेऊन आली. त्याने जोरजोराने मान हलवली आणि हात तसाच चालू ठेवला.

ही खूण मी पाहिली होती. रेकॉर्डिंगच्या दिवशीही तो असाच हात हलवत होता आणि माइकला धक्का लागेल या काळजीने मी अस्वस्थ झालो होतो. त्या दिवशी लाँचीवर काय शिजलं होतं, कोण कुठे बसलं होतं, हे तो वीस मिनिटं सांगत राहिला होता. कंटाळवाणं म्हणून मी ते सबंध उडवलं होतं.

"वाडी होतो," मी म्हणालो. "लाँच कलली तेव्हा बाबल सगळ्यांका भात वाडी होतो. असां सांगल्यानी तेनी."

तांडेलाचा हात खाली आला. त्याने मान डोलावली आणि डोळे मिटले. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं. आकाने त्याचं सरकलेलं पांघरूण नीट केलं. "ऱ्हवा आता," एवढंच म्हणाली.

परत येताना देवगडच्या स्टँडजवळ मी तिला एका खानावळीत नेलं. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. वाढायला एक पिकल्या केसांचा माणूस होता. त्याने तिच्या ताटात भात घातला, वर आमटी ओतली. तिने घास कालवला आणि थांबली.

"तुमी जेवलास?" तिने त्याला विचारलं.

तो ओशाळून हसला. "आमी मागसून, बाय. सगळ्यांचां झाला काय."

तो पुढच्या टेबलाकडे गेला. तिने कालवलेला घास ताटातच ठेवला. मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा वाटलं, म्हणावं, तांडेल म्हणाला होता, बाबल आधीच जेवला होता. अगदी ओठांपर्यंत आलं. पण तिने रचायला मनाई केली होती.

"परत जावया? इचारूया?" मी म्हटलं. "मान हलवन तरी सांगतीत."

"नको," ती म्हणाली. "वाडणारो कधी जेवता, तां माका कोणी सांगूक नको."

ताट बाजूला सारून ती उठली. मीही उठलो.

आठवड्याने तिने एकच गोष्ट मागितली. त्या भागात तेवढं एक वाक्य घाल, आणि त्याचं नाव घे. मी भागात नुसतं 'तांडेल आणि चार खलाशी' म्हटलं होतं. लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिल्यांदा आली ती जुनीच काळजी: नव्याने घेतलेलं वाक्य जुन्या आवाजात मिसळणार नाही, जोड उघडी पडेल. तरी घातलं. 'लाँचीवर जेवण करणारा बाबल तेव्हा सगळ्यांना भात वाढत होता.' त्या दिवशी मला सर्दी झाली होती. आवाज जड आला. तिने तो भाग किती वेळा ऐकला माहीत नाही. माझ्याजवळ पुन्हा त्याविषयी बोलली नाही.

गेल्या मार्गशीर्षात चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. बांद्याहून भाची आली होती, ती घर बंद करून गेली. शेडमध्ये आता बायका बोलत बोलत काजू फोडतात. मंगळवारचा भाग कोणी लावत नाही. बुधवारी सकाळी मला कोणी काही विचारत नाही.

महिन्यापूर्वी एका श्रोत्याने लिहिलं, 'एकोणिसाव्या मिनिटाला एक वाक्य वेगळ्याच आवाजात येतं. संकलनाची चूक दिसते. काढून टाकावं.' लिहिणारा जाणकार असावा, त्याचा कान तयार होता. मी त्याचे आभार मानले. वाक्य आहे तिथेच आहे.