कारखान्यातला पियानो

बाबा गेल्यावर पेणचा गणपतींचा कारखाना भावाने घेतला आणि पियानो माझ्या वाट्याला आला. मला त्यातला सा कळत नाही. घरात तो कधी कुणी वाजवलाही नव्हता. सीझनला त्याच्यावर ओळीने गणपती वाळत असायचे, एरवी रंगाचे डबे. आजोबांनी तो धरमतरला एका साहेबाकडून विकत घेतला, एवढंच बाबा सांगायचे, आणि मीही तेच लोकांना ऐटीत सांगत आले.

अलिबागकडच्या एका बंगलेवाल्याला तो हवा होता. त्याची अट एकच, किती जुना आणि कुठला ते नक्की सांगा. माझ्या दोन खोल्यांत पलंग ठेवायचा की पियानो हा प्रश्नच होता, म्हणून मी हो म्हणून बसले. मुंबईहून पियानो दुरुस्त करणारा बोलावला. त्याने झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि माझ्या डोक्याचा पार भुगा केला. आतला लोखंडी सांगाडा परदेशी, शंभरीच्या पुढचा. बाहेरची पेटी मात्र नंतर इथल्याच कुणा सुताराने केलेली, सागवानी. मग वय कुणाचं सांगायचं? तो म्हणाला, ते तुम्ही ठरवा. एवढं ऐकायला मी त्याला वडखळपर्यंत आणायला गेले होते.

उरलेलं काम शनिवारी करू म्हणाला, तर मी सवयीने नको म्हटलं. शनिवारी पियानोला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. शुक्रवारी दिवेलागणीला बाबा त्याच्यावरचे गणपती उतरवून चादर घालत आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर ती काढत. ऐन सीझनला, पाय ठेवायला जागा नसतानासुद्धा. कारागीर चरफडायचे. मारुतीचा वार म्हणून आम्ही गप्प बसायचो. दुरुस्तीवाला हसला. मारुतीचा वार शुक्रवारी संध्याकाळी कसा सुरू होईल, म्हणाला, हा तर इथल्या ज्यूंचा, इस्राएली लोकांचा शब्बाथ, त्यांचा विसाव्याचा वार, तो शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो.

आपला वार उजाडल्यावर लागतो, हे इतक्या वर्षांत घरात एकालाही सुचू नये? बाबा दर वर्षी दिवाळीनंतर रोह्याला एका इस्राएली म्हातारीकडे जायचे, जुनी ओळख आहे म्हणायचे. आता मनात नको ते आलं. पियानो खरंच विकत घेतलेला, की कुणी ठेवायला दिलेला आम्ही गिळून बसलो होतो? बाबांनी भेग गेलेली मूर्ती कधी कुणाच्या गळ्यात मारली नाही. त्यांच्याबद्दल असं वाटल्याची मला लाज वाटली, पण ते डोक्यातून जाईना.

शेवटी रोह्याला गेले. एसटी नागोठण्याला रखडली, त्यात माझं डोकं आणखी फिरलं. म्हातारी ओसरीवर वाल सोलत बसली होती. तिची सगळी माणसं कधीच इस्राएलला गेली, मागे ती एकटीच राहिली. पेणच्या कारखानेवाल्यांची मुलगी म्हटल्यावर तिने वालांचं ताट बाजूला सारलं. पियानो कुणाचा, मी सरळच विचारलं.

"माज्या थोरल्या भावाचा गो. तिकडं जाताना तुज्या आजाकडं ठेवून गेला. शनवारी बंद ठेवा, मागवून घेतो, बोलला."

त्याने तो कधी मागवलाच नाही. तिकडेच वारला. आता तुमचाच समजा, असं तिने बाबांना कितीदा सांगितलं, पण ते ऐकत नसत. दर वर्षी यायचे, चहा घ्यायचे, न्यायला कुणी येणार आहे का विचारायचे आणि उठायचे.

बाबा चोर नव्हते. मला रडूच आलं. आणि त्याच वेळी त्यांचा रागही आला. मग आम्हाला खोटं का सांगितलं? परक्याचा म्हटला असता तर आम्ही पोरांनी तो केव्हाच घराबाहेर काढायला लावला असता, म्हणून? की त्यांनाही तो आपला असावासा वाटत होता? मला अजून उलगडा होत नाही. बंगलेवाल्याला काय सांगायचं, तेही कळेना.

म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"यंदा तुजा बाबा आला नाय," ती म्हणाली. "मी समजले, पियानो न्यायला कोणतरी आलं. मंग आता तो कशाला येतोय."

बाबा गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं.

"न्यायला कुणी आलं नाही, मावशी," एवढं मी म्हटलं, आणि वालांचं ताट पुढ्यात ओढून सोलू लागले.